शेवटचं प्यादं

सुगी आली की माझी शाळा अर्धी रिकामी होते. कामशेतच्या पेठेतल्या मुली तेवढ्या येतात, वाड्यावस्त्यांवरच्या येत नाहीत. कुणी तान्ह्या भावाला घेऊन बांधावर बसलेली असते, कुणी भारे वाहत असते. हजेरी घेताना मी नाव वाचते, थांबते, पुढचं नाव वाचते. तपासणीला आलेले साहेब म्हणतात, बाई, तुमचा वचक कमी पडतो. वचक आहे हो, पण पिकलेलं भात बाईला घाबरत नाही, त्याला मी काय करू?

उरलेल्या मुलींना गणितं घालून मी खिडकीशी उभी राहते. समोर इंद्रायणीच्या काठापर्यंत खाचरं पिवळी झालेली असतात आणि कापलेल्या आंबेमोहोराचा वास वर्गात शिरतो. त्या वासाने लोकांना नव्या तांदळाचा भात आणि वर साजूक तूप आठवतं. मलाही तेच आठवायला हवं, मीही मावळातलीच. पण मला एक जुना डाव आठवतो. मधे एक महायुद्ध होऊन गेलं, इंग्रज गेले, तांदूळ रेशनवर गेला, आणि तो डाव मात्र दर कार्तिकात ठरल्या वेळी उगवतो. त्याची हजेरी कधी चुकत नाही.

मी बुद्धिबळ खेळत असे. नुसती घरात, पावसाळ्यात वेळ जावा म्हणून नव्हे, तर जत्रांमधून, पारावर, मिशीवाल्या पुरुषांसमोर बसून खेळत असे आणि त्यांना हरवत असे. हे कामशेतात आता कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडे जरा काळजीने बघतील. विधवा मास्तरीण, एकटी राहते, डोक्यावर परिणाम झाला असेल बिचारीच्या, असं म्हणतील. म्हणून सांगत नाही. लिहायला हरकत नाही.

आमचं घर कुसगावचं. दाराशी बैल, मागे परसात दोडक्याचा मांडव, आणि ओटीवर आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते कुस्ती खेळायचे, गुडघा गेल्यावर बुद्धिबळ खेळायला लागले आणि मग कुस्तीत नव्हतं एवढं नाव त्यांनी बुद्धिबळात मिळवलं. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड एका बाजूला लागायचा आणि देवळाच्या ओसरीत बुद्धिबळाचे पट मांडले जायचे. फडाभोवती आरडाओरडा असायचा, ओसरीत मात्र म्हातारे खोकायचे आणि विचार करायचे. बक्षीस म्हणजे नारळ आणि फेटा. आमच्या घरात इतके फेटे जमले होते की आई त्यांच्या गोधड्या शिवायची.

पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. समोरचा माणूस त्यांना दिसायचा, पण उंट कुठला आणि वजीर कुठला ते कळेना. माणूस खेळ सोडेल अशा वेळी. आबांनी खेळ सोडला नाही, त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. समोरच्याने काय चाल केली ते मी त्यांच्या कानात सांगायची, ते बोलतील तसं मोहरं उचलून ठेवायची. मी तेव्हा परकर सांभाळत धावणारी पोर. पुरुषांच्या बैठकीत मुलगी कशाला, असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, हे माजं डोळं हायती. डोळ्यांना ओसरीवर बसायला बंदी कशी करणार? अशी मी त्या बैठकीत शिरले.

आमचा पट कापडाचा होता, जाड मांजरपाटाचा, वर दोऱ्याने रेघा टाचलेल्या. त्यात काळीपांढरी घरं नव्हती. मोहरी लाकडाची, लाखेच्या रंगाची, एक फौज तांबडी आणि एक हिरवी. तांबड्या घोड्याचा कान तुटलेला होता. अंधूक डोळ्यांच्या आबांना तेवढा एक घोडा बोटांनी ओळखू यायचा, त्यामुळे तो त्यांचा फार लाडका.

त्यांनी मला शिकवलेला खेळ देशी. देशी खेळात आमच्याकडे एक नियम होता, आणि माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते त्या नियमापाशी झालं, म्हणून तो नीट सांगते. समोरच्याची सगळी मोहरी आणि सगळी प्यादी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर डाव तिथेच थांबायचा. त्याला बुर्जी म्हणत. बुर्जी झाली की कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. जिंकायचं असेल तर राजापाशी त्याचं निदान एक तरी प्यादं जिवंत ठेवून मात करावी लागे. त्यामुळे डावाच्या शेवटी आमची माणसं शत्रूचं शेवटचं प्यादं जपत असत, त्याला चुकून धक्का लागू नये म्हणून आपलीच मोहरी बाजूला घेत असत. लहानपणी मला हे मोठं विचित्र वाटायचं.

मी आबांना विचारलं होतं. तेव्हाही सुगीच चालू होती. कापणी संपत आली की आमच्या खाचराच्या कोपऱ्यात भाताची चार ताटं न कापता तशीच उभी ठेवायची रीत आहे, ती अजून आहे. खळ्याशी बसलेल्या आबांनी मला त्या कोपऱ्याकडे बोट करून दाखवलं. त्यांना ती ताटं दिसत नव्हती, पण कुठे असणार ते ठाऊक होतं.

"समोरच्याला पार नागवायचं न्हाई, हौसा," ते म्हणाले. "जिमिनीला बी न्हाई आन मान्साला बी न्हाई. एकट्या राजाला मारला, त्यात कसली मर्दुमकी?"

मला ते पटलं. त्या वयात आजोबांनी सांगितलेलं सगळंच पटतं, आणि हे तर अजूनही पटतं, हीच माझी अडचण आहे.

हळूहळू असं झालं की आबांनी चाल सांगायच्या आधी माझा हात मोहऱ्याकडे जायला लागला. एकदोनदा त्यांनी मला दटावलं, मग गप्प बसले, मग एक दिवस हळूच म्हणाले की काठी आपटली की तुझ्या मनानं खेळ. पुढे पुढे ते डाव मांडला की पहिल्यांदाच काठी आपटायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. लोक म्हणायचे, म्हातारा काय खोल विचार करतो बघा. वडगावच्या बाजूला एका जत्रेत मात्र आमचं बिंग फुटलं. आबा चक्क घोरत होते आणि तेवढ्यात मी हत्ती चालवला. समोरचे पाटील हत्तीकडे बघत राहिले, मग आबांकडे, मग माझ्याकडे. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट उधळला, मोहरी ओसरीच्या पायरीवरून खाली गेली. तुटक्या कानाचा घोडा गटाराच्या कडेला सापडला, तो मी परकराला पुसून घेतला.

त्यानंतर मी माझ्या नावाने खेळायला लागले आणि त्यानंतरच खरा त्रास सुरू झाला. आंधळ्या म्हाताऱ्याकडून हरायला कुणाची हरकत नव्हती. पोरीकडून हरायचं म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं? काही जण माझ्यासमोर बसायलाच तयार नसत. काही बसत आणि डाव हातचा जातोय असं दिसलं की माझ्या वयावर, अंगावर, लग्नावर काहीबाही बोलत. मी मान वर करत नसे. मान खाली घालून खेळायचं असतं हा बुद्धिबळाचा मोठाच फायदा. तळेगावच्या जत्रेत मी सगळ्यांना हरवलं तेव्हा पंचांना प्रश्न पडला की मुलीला फेटा कसा बांधायचा. शेवटी तो त्यांनी आबांच्या डोक्यावर बांधला. आबांनी घरी येईपर्यंत तो काढला नाही आणि घरी आल्यावर काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्याची गोधडी करू दिली नाही आईला.

आईचं म्हणणं एकच होतं. असली सून कोण करून घेईल? वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना फार बोलत नसत, पण त्यांच्या मनातही तेच होतं. मुलींच्या लग्नाच्या वयाचा नवा कायदा आलेला, त्या वयाच्या मी पुढे गेले होते, आणि कामशेतच्या एका भाताच्या व्यापाऱ्याकडून विचारणा आली होती. चांगलं खातंपितं घर, स्वतःची गिरणी. मुलगी देवळात पुरुषांबरोबर खेळते ही गोष्ट त्यांच्या कानावर अजून गेली नव्हती आणि ती जायच्या आत होकार कळवावा अशी आईची घाई.

माझा तो डाव त्या वर्षीच्या सुगीतला. लोणावळ्याचे बंगले पावसाळ्यानंतर उघडायचे, मुंबईपुण्याची मंडळी दिवाळीला हवा खायला यायची. भुशीच्या बाजूच्या एका बंगल्यात पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या, मुलींची शाळा आणि वसतिगृह चालवायच्या. त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत. आमच्या घरचं दूध तिथे जायचं, दुधाबरोबर माझी बातमीही गेली असावी. एक दिवस त्या स्वतः चालत कुसगावला आल्या, ओटीवर बसल्या, माझे आणि आबांचे दोन डाव शेवटपर्यंत बघितले. मग त्यांनी नानांना सांगितलं की लोणावळ्याच्या क्लबात दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकरांचे बुद्धिबळाचे सामने होतात, जो जिंकतो त्याला पुढे पुण्याच्या सामन्यांना पाठवतात. ही मुलगी जिंकली तर मी हिला माझ्या वसतिगृहात ठेवते, शिकवते, सामन्यांना मीच घेऊन जाईन. नुसती हुशार आहे म्हणून ठेवून घ्यायला माझी संचालक मंडळी तयार होणार नाहीत, त्यांना काहीतरी दाखवावं लागेल.

नाना बराच वेळ पेंढ्याची काडी मोडत बसले. मग म्हणाले, "जिकली तर पुन्याला जाऊं द्या. न्हाई जिकली तर मार्गशीर्षात अक्षदा. मंग कुनी मधी बोलायचं न्हाई."

आबांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. मला वाटत होतं, जिंकणं माझ्या हातात आहे.

क्लबातला खेळ विलायती होता. ताईसाहेबांनी बंगल्याच्या व्हरांड्यात बसवून मला नियम शिकवले. विलायती प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडी मारू शकतं. विलायती राजा एकदा हत्तीच्या आड जाऊन लपू शकतो. आमचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या ओळीत असेल तेच मोहरं व्हायचं, विलायती प्यादं सरळ वजीर होऊन बसतं. हे सगळं मी पाठ केलं. काळ्यापांढऱ्या घरांनी पहिल्यांदा डोळे दुखले, मग सवय झाली. त्या बाईंनी मला मनापासून शिकवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही काही वाईट नाही. जे आपल्याकडे नाहीच, ते नाही म्हणून सांगायचं कुणाला कसं सुचणार?

सामन्यांच्या दिवसांत सकाळी धुकं इतकं दाट असायचं की कुसगावाहून निघालो की पुढच्या नानांची फक्त पाठ दिसायची. दोन्ही बाजूंच्या खाचरांतून विळ्यांचा आवाज यायचा, माणसं दिसायची नाहीत. मी आईचं लुगडं नेसलेली, ते पायात यायचं. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. क्लबात पोचल्यावर आबांना बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसवत, कारण त्यांचा खोकला आतल्या लोकांना चालत नसे. नाना आत भिंतीला टेकून उभे राहत. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही आणि दिली असती तरी ते बसले नसते.

मी जिंकत गेले. मुंबईचे ते लोक सभ्य होते, पट उधळत नव्हते, हरल्यावर हात पुढे करत होते. तो हात हातात घ्यायचा असतो हे मला ठाऊक नसल्यामुळे मी त्यांना नमस्कार करायची. पटावर पुष्कळ मोहरी उरलेली असतानाच त्यांचे राजे अडकायचे किंवा ते आपणहून हार मानायचे, त्यामुळे एकटा राजा उरायची वेळ एकदाही आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. शेवटचा सामना एका वकीलसाहेबांशी होता. चष्मा, हडकुळे, फार शांत माणूस. डाव सकाळी सुरू झाला, उन्हं व्हरांड्यातून उतरली तरी चालू होता.

अजून मला तो पट जसाच्या तसा दिसतो. माझ्याकडे राजा, हत्ती आणि घोडा. त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादं माझ्या हत्तीच्या माऱ्यात उभं होतं, त्याला कशाचा जोर नव्हता. हात लांब करून उचलायचं, एवढंच काम. पण उचललं की त्यांचा राजा एकटा पडणार, बुर्जी होणार, डाव बरोबरीत सुटणार. आणि नानांची अट जिंकायची होती. बरोबरीवर मला पुण्याला कुणी नेणार नव्हतं.

मी खूप विचार केला. प्यादं मारलं तर कामशेत. नाही मारलं तर ते पुढे सरकणार आणि वजीर होणार, हेही मला दिसत होतं. त्याच्या आत मात करायला हवी होती. हत्तीने शह देत राहायचं, म्हणजे त्यांना प्यादं हलवायला सवड मिळणार नाही, आणि घोड्याने राजाची वाट अडवायची. अवघड होतं, पण जमेल असं वाटलं. मी हत्ती प्याद्यावरून काढला आणि दुसरीकडे नेऊन शह दिला. वकीलसाहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला कुजबुज झाली. मला वाटलं, माझ्या हिमतीचं कौतुक चाललंय.

एक शह, दुसरा शह, राजा कोपऱ्याकडे सरकत होता. मग घोडा पोचायला एक चाल कमी पडली. राजा निसटला, मला शह देता आला नाही आणि त्यांचं प्यादं पुढे गेलं. नंतरचं फार वेळ चाललं नाही. प्याद्याचा वजीर झाला, वजिराने माझा हत्ती घेतला, आणि जिच्या जोरावर मी फेटे मिळवले होते ती मात माझ्याच राजाला बसली.

वकीलसाहेबांनी हात पुढे केला नाही. ते पटाकडेच बघत होते.

"ते प्यादं का नाही घेतलंस तू?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "फुकट होतं."

मी म्हटलं, "घेतलं असतं तर बुर्जी झाली असती."

"बुर्जी म्हणजे काय?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी समजावून सांगितलं, राजा एकटा उरला की डाव थांबतो, कुणीच जिंकत नाही. सांगता सांगता मी ताईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला होता. मग वकीलसाहेबच म्हणाले, "आमच्यात असा नियम नाही, मुली. एकटा राजा उरला तरी डाव चालूच राहतो."

भिंतीला टेकलेल्या नानांनी हे सगळं ऐकलं. वकीलसाहेबांनी पुन्हा खेळू म्हणून सुचवलं, पण क्लबाची मंडळी म्हणाली, निकाल तो निकाल, आज हिला सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील. ताईसाहेब नानांशी काही बोलायला पुढे आल्या. नानांनी हात जोडले आणि म्हणाले, "डाव झाला, बाईसाहेब. म्या शबूद दिलाय."

एक गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि ती पुढे पुष्कळदा उपयोगी पडली. जग विलायती नियमाने चालतं. माणूस एकटा उरला म्हणून कुणी थांबत नाही.

बाहेर व्हरांड्यात आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आतल्या शांततेवरून त्यांना काय ते समजलं असणार. त्यांनी माझा खांदा चाचपला आणि आम्ही निघालो. संध्याकाळचं ऊन खाचरांवर पडलं होतं, भारे बांधून बायका घरी चालल्या होत्या. नाना पुढे, मागे आम्ही दोघं. सवयीप्रमाणे आबांनी डाव विचारायला सुरुवात केली, पहिल्या चालीपासून. मी सांगत गेले. ते हूं हूं करत ऐकत होते. मोहरी कमी कमी होत आली तसा माझा आवाज बारीक व्हायला लागला.

"मंग?" आबांनी विचारलं. "त्येचं एकच प्यादं ऱ्हायलं. ठिवलंस न्हवं त्ये?"

"ठिवलं," मी म्हटलं.

"शाब्बास. मंग चुकलं कुटं?"

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला होता. डोळ्यांत पांढरी साय, आणि तरी ते माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. त्या माणसाला सांगायचं, की आबा, तुमचा तो नियम तिथे नाहीच? की मी ते प्यादं उचललं असतं तर आज पुण्याला गेले असते? पुढे चाललेल्या नानांची पावलं जरा मंदावली. तेही ऐकत होते.

"घोडा चुकला, आबा," मी म्हटलं. "कडंच्या घरात ठिवला."

आबांनी मोठा श्वास सोडला. "किती बारी सांगितलं तुला. घोडा कडंला गेला की निम्मा मरतो. माजं ऐकत न्हाईस." ते रागावले होते आणि रागावता आल्यामुळे त्यांना बरं वाटत होतं. नानांनी मागे वळून पाहिलं नाही. ते फक्त पुन्हा भरभर चालायला लागले. त्यांनीही जन्मात आबांना खरं सांगितलं नाही. मला कामशेतला दिलं त्याबद्दल मी नानांवर कितीतरी वर्षं मनातून चरफडत राहिले, पण ही एक गोष्ट आठवली की माझा राग अर्ध्यावर लटकतो.

मार्गशीर्षात लग्न झालं. ट्रंकेत मी तो कापडी पट घडी करून नेला होता. सासूबाईंना तो लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायला अगदी बेताचा वाटला. मोहरी त्यांनी विचारली नाहीत आणि मी दाखवली नाहीत. नवरा वाईट नव्हता, पण त्याला माझ्याशी बोलायचं काय असतं हे कधी सुचलं नाही. दिवसभर गिरणीचा आवाज आणि डोळ्यांत, केसांत, पांघरुणात कोंडा. एक मुलगी झाली, ती राहिली नाही. मग तो विषमज्वराने गेला. दिवस झाल्यावर सासऱ्यांनी मला माहेरी पोचवायला गाडी जुंपायला सांगितली, माझी ट्रंक आधीच भरून ठेवली होती. आबांच्या नियमाने पाहिलं तर माझी बुर्जी झाली, म्हणजे मी हरले नाही. या विचारावर मी काही दिवस काढले. पण बरोबरी झालेल्या माणसालाही उद्या सकाळी उठून चूल पेटवावी लागते, म्हणून शिकले, परीक्षा दिली, मास्तरीण झाले. पुन्हा कामशेतच वाट्याला आलं. गिरणीवरून जाताना मी रस्ता बदलत नाही.

मधल्या सुट्टीत मी मुलींना बुद्धिबळ शिकवते. विलायतीच शिकवते. परवा जनी नावाची एक पोर, नदीपलीकडच्या वस्तीवरची, डावाच्या शेवटी थांबली आणि म्हणाली, बाई, ह्येचं एकच ऱ्हायलंय, मारू का? तिला हे कुणी शिकवलं असेल? बहुधा तिच्याही घरी कुणी म्हातारा असेल. मी म्हटलं, मार. तिने मारलं. या आठवड्यात ती शाळेत आलेली नाही. तिच्या घरी कापणी आहे म्हणतात, आणि कापणीनंतर, मार्गशीर्षात, आणखी काय आहे ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायला जाणार आहे.

सुगीला मी कुसगावला जाते. खाचराच्या कोपऱ्यात ती चार ताटं उभी असतात. कधीकधी वाटतं, वाकावं आणि विळ्याने कापून टाकावीत. हात जात नाही.

त्या हरलेल्या सुगीनंतर आबा काही वर्षं होते. मी माहेरी गेले की ते ओटीवरच्या अंथरुणातून हाक मारायचे. पट नव्हता, तो कामशेतला बरणीवर होता. ते हवेतच घरं मोजायचे. तुटक्या कानाचा घोडा मी त्यांच्या मुठीत द्यायची. मग ते माझं बोट धरून गोधडीवर फिरवायचे, अडीच घरं, पुन्हा अडीच घरं, मधोमध ठेव, कडेला नेऊ नको, समजलं का हौसा? घोड्यात तू कच्ची. बाकी सगळं तुला येतं, घोडा तेवढा येत नाही.

व्हय आबा, मी म्हणायची. शेवटपर्यंत ते मला घोडा शिकवत होते आणि मी शिकत होते.